डिस्क 100 टक्के: हॉलमधल्या कॉम्प्युटरचे तीन आठवडे

2 फेब्रुवारी 2025, रविवार. दुपारची जेवणं आटोपली आणि आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, "आई, आजपासून पेनड्राइव्ह बंद. सगळं नेटवर्कवर टाकतो."

मी "टाक बाबा" म्हटलं आणि भांडी आवरायला गेले. तिथून पुढचे तीन आठवडे कसे गेले ते लिहून ठेवतेय. मी कॉम्प्युटरमधली जाणकार नाही, हिशेब लिहिणारी बाई आहे. त्यामुळं एखाद्या इंजिनिअरला यात हसण्यासारखं पुष्कळ सापडेल. पण माझ्यासारखं कुणी रात्री अकराला त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडं बघत बसलं असेल, तर त्याला उपयोग व्हावा.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मार्केट यार्डातली हळदीची दोन अडत दुकानं, एक हार्डवेअर आणि एक किराणा, एवढ्यांचे हिशेब मी घरून बघते. हॉलमध्ये 2016 साली सुटे भाग घेऊन जुळवलेला डेस्कटॉप आहे: आय थ्री प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क, विंडोज 10. स्कॅनर त्याला जोडलेला. माझा लॅपटॉप आतल्या खोलीत. अडत्यांकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या सौद्यांचे हिशेबाचे कागद, हॉलमध्ये स्कॅन करायच्या, पेनड्राइव्हवर घ्यायच्या, आत जाऊन नोंदी करायच्या. दिवसाला दहा-बारा हेलपाटे. फेब्रुवारीत नवी हळद यार्डात उतरायला लागते, सौदे वाढतात आणि पट्ट्यांचा गठ्ठा फुगतो. तेव्हा शेअरिंगची गरज खरीच होती.

दुसरं कारण फोटोंचं. आमचं जुनं घर गावभागात. ऑगस्ट 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमचे अल्बमही भिजले. पाणी ओसरल्यावर मी आणि सासूबाईंनी एकेक फोटो हलक्या हातानं सोडवून दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातला होता. जे वाचले ते नंतर 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके अशा बारकाईनं, स्कॅन केले. चार बाय सहाचा एक फोटो टिफ या मोठ्या आकाराच्या फाइलमध्ये साधारण 26 एमबीचा होतो. असे 1,900 फोटो, म्हणजे नुसते तेच 50 जीबी. मोबाइलमधले धरले तर फोटोंचा आकडा 61 हजारांवर. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, ते टीव्हीवर बघायचे होते. चिरंजीवांच्या उत्साहाचं मूळ तिथं होतं, माझ्या पट्ट्यांत नव्हतं.

शेअरिंग सुरू करायलाच दोन तास गेले. लॅपटॉपला डेस्कटॉप दिसेचना. नेटवर्क 'पब्लिक'वर होतं, ते 'प्रायव्हेट' केल्यावर दिसला. मग पासवर्ड घेईना. मी रोज चार आकडी पिन टाकून आत जाते, तोच टाकत होते. नेटवर्कवरून आत जायला पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो मी 2021 पासून टाकलेलाच नव्हता. 'होमग्रुप' कुठंय म्हणून शोधण्यातही अर्धा तास गेला. कुठल्या तरी जुन्या माहितीत ते बटण होतं. विंडोज 10 मधून होमग्रुप 2018 मध्येच काढून टाकलंय, त्यामुळं कुणी तो शोधत असेल तर शोध थांबवा.

शेवटी वैतागून चिरंजीवांनी पासवर्डची अट काढली, अख्खा डी ड्राइव्ह शेअर केला, 'एव्हरीवन'ला पूर्ण हक्क दिले. वर फोटोंचा फोल्डर पिक्चर्स लायब्ररीत घातला आणि 'मीडिया स्ट्रीमिंग' नावाचं काहीतरी चालू केलं. टीव्हीवर कॉम्प्युटरचं नाव उमटलं. अण्णांनी 1984 सालचा सत्यनारायण 43 इंचावर बघितला. घरात सणासारखं वातावरण.

सोमवारी सकाळी डेस्कटॉप चालू केला आणि चहा टाकायला गेले. चहा झाला, पिऊन झाला, तरी पडद्यावरची चित्रं एकेक करून उगवतच होती. माउसचं उजवं बटण दाबलं की यादी यायला पंधरा सेकंद. एक्सेलची साधी फाइल उघडायला चार मिनिटं. आत लॅपटॉपवरही तेच: फोल्डर उघडला की वरच्या पट्टीत हिरवी रेघ गोगलगायीसारखी सरकत राहायची.

माझा पहिला संशय वायफायवर. मंगळवारी इंटरनेटवाल्यांकडं तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक आला, गुरुवारी दुपारी माणूस आला. त्यानं यंत्र लावून केबलमधला प्रकाश मोजला, राउटर बंद-चालू केला आणि म्हणाला, "वहिनी, आमच्याकडून सगळं ओके आहे." खरंच ओके होतं. घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फाइल जाते तेव्हा ती बाहेरच्या इंटरनेटवरून जातच नाही, राउटरपाशी वळते. ही गोष्ट आधी कळली असती तर दोन दिवस वाचले असते.

त्याच संध्याकाळी अहोंनी एक शहाणपणाची गोष्ट सुचवली. "नेटवर्कच काढून बघ ना." डेस्कटॉपचं वायफाय बंद केलं. फरक शून्य. आम्ही निष्कर्ष काढला की शेअरिंगचा यात काही संबंध नाही, कॉम्प्युटरच थकलाय. निष्कर्ष अर्धा बरोबर होता आणि अर्धा साफ चूक. ते पुढं येईल.

शुक्रवारी, 7 तारखेला, एका दुकानातून मुलगा आला. येण्याचे 500 रुपये आधीच ठरलेले. त्यानं टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरच्या कुठल्या भागावर किती भार आहे ते दाखवणारी खिडकी, उघडली. प्रोसेसर 20 टक्के, मेमरी 60 टक्के आणि डिस्क 100 टक्के, लालभडक. दहा मिनिटांत निदान झालं. "फॉरमॅट मारावा लागंल वहिनी. नाहीतर आता नवीनच घ्या, हा किती दिवस चालवणार?"

अकरा तारखेला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायची मुदत. दोन्ही अडत दुकानांचं आणि हार्डवेअरचं रिटर्न दर महिन्याला असतं. अशा वेळी फॉरमॅट म्हणजे पंगतीला पानं मांडल्यावर चूल मोडायची. मी नाही म्हटलं. तो पाचशे घेऊन गेला. एक मात्र त्याच्या पदरात टाकायला हवं: डिस्कच्या त्या लाल रकान्याकडं बोट त्यानं दाखवलं. तोपर्यंत मी वायफायच्या कांड्याच मोजत होते.

शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर मी एकटी बसले. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर खाली 'रिसोर्स मॉनिटर' अशी बारीक ओळ असते. त्यावर क्लिक केलं, 'डिस्क' निवडलं. दिसायला भीतीदायक पान आहे, पण वाचायला आमच्या खतावणीपेक्षा सोपं. वर कुठला प्रोग्रॅम डिस्कवर किती वाचतोय, लिहितोय ते. खाली तो नेमकी कुठली फाइल धरून बसलाय ते. उजवीकडं 'रिस्पॉन्स टाइम', म्हणजे मागितल्यापासून मिळेपर्यंत गेलेला वेळ, मिलिसेकंदांत.

वरून पहिला प्रोग्रॅम डब्ल्यू, एम, पी आणि पुढं 'नेट' अशा अक्षरांनी सुरू होणारा. वाचतानाच बोबडी वळली. पुढं चौकोनात टिचकी मारली, तर खाली फक्त त्याच्याच फाइली राहिल्या. आणि काय बघते, सगळे फोटो! 2011 ची कोल्हापूर सहल, नणंदेचं केळवण, 2019 चे टिफ. रात्री पावणेबाराला आमच्या घरात कुणीही फोटो बघत नव्हतं.

तो प्रोग्रॅम म्हणजे विंडोज मीडिया प्लेअरची नेटवर्क शेअरिंग सर्व्हिस. मीडिया स्ट्रीमिंग चालू केलं की तो टीव्हीसाठी फोटोंची यादी करायला घेतो. दुसऱ्या क्रमांकावर विंडोजचा 'सर्च इंडेक्सर'. फोल्डर लायब्ररीत घातला की शोध लवकर लागावा म्हणून तोही त्याची सूची करायला बसतो. तिसरा अँटिव्हायरस. कुणीही फाइल उघडली की तो ती तपासणार, ते त्याचं कामच. म्हणजे एका फोटोमागं तिघं, असे 61 हजार फोटो.

आणि डिस्क एकच. सी ड्राइव्ह वेगळा, डी वेगळा असं आपल्याला दिसतं, पण आमच्याकडं त्या एकाच डिस्कच्या दोन खोल्या होत्या. आत फिरणारी तबकडी आणि त्यावर पुढंमागं सरकणारी सुई. ती सुई डी मधले फोटो गोळा करायला गेलेली असताना सी मधल्या विंडोजनं हाक मारली तर येणार कशी? म्हणून तर माउसचं उजवं बटणसुद्धा पंधरा सेकंद.

वायफाय बंद करूनही फरक का पडला नव्हता तेही आता कळलं. यादी करायचं काम घरातल्या घरात चालू होतं, त्याला टीव्ही समोर असायची गरजच नव्हती. आमची परीक्षा बरोबर होती, उत्तर वाचण्यात चुकलो.

खात्री करायला आणखी एक जागा उघडली: 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स' आणि त्यात 'सेशन्स', 'ओपन फाइल्स'. नेटवर्कवरून आत कोण आलंय आणि कुठली फाइल उघडून बसलंय ते तिथं कळतं. तिथं फक्त माझा लॅपटॉप होता, दोन पट्ट्यांच्या फाइली घेऊन. ज्याला आठवडाभर शिव्या घातल्या ते फाइल शेअरिंग बिचारं एका कोपऱ्यात उभं होतं.

रविवारी सकाळी कंट्रोल पॅनेलमधून मीडिया स्ट्रीमिंग बंद केलं. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन ती सर्व्हिस थांबवली आणि 'डिसेबल्ड' केली. नुसती थांबवली तर पुन्हा उठून बसू शकते. फोटोंचा फोल्डर लायब्ररीतून काढला, 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मध्ये त्याची खूण उरली नाही ना ते बघितलं. लायब्ररीतून काढणं म्हणजे डिलीट करणं नव्हे. तरी बटण दाबताना माझा हात थरथरला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. डिस्क 12 टक्के, 8 टक्के, मध्येच 30. एक्सेल वीस सेकंदांत उघडलं.

टीव्हीवरून मात्र कॉम्प्युटरचं नाव गेलं. अण्णा काही बोलले नाहीत, पण रिमोट दोनदा दाबून बघितला.

11 तारखेला दुपारी तिन्ही रिटर्न भरून झाली. किराण्याचं तिमाही आहे, त्याची घाई नव्हती.

लॅपटॉपचं दुखणं वेगळंच निघालं. डेस्कटॉप बंद असला किंवा झोपेत गेला, की लॅपटॉपवर नुसता फाइल एक्सप्लोरर उघडायला मिनिटभर लागायचं. एक्सप्लोरर उघडताना आधी 'क्विक ॲक्सेस' दाखवतो, आणि त्यात मी कौतुकानं नेटवर्कवरचे चार फोल्डर टाचून ठेवले होते. समोरचा कॉम्प्युटर जागा नसला तरी लॅपटॉप त्याचं दार ठोठावत थांबायचा. ते चारही काढले आणि एक्सप्लोररच्या पर्यायांत 'क्विक ॲक्सेस'ऐवजी 'धिस पीसी' उघडायला सांगितलं. लॅपटॉपच्या पडद्यावर नेटवर्क फोल्डरचा एक शॉर्टकट होता तोही उडवला. फुकटात, पाच मिनिटांत झालेली ही एकमेव दुरुस्ती.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

15 तारखेला, शनिवारी, जुन्या पट्ट्या लॅपटॉपवर घेत होते. एका फोल्डरपाशी कॉपी अडली. हॉलमधून आवाज आला: टक्, टक्, टक्, थोडं थांबून पुन्हा टक्. अण्णा पेपर वाचत होते, ते म्हणाले, "त्या पेटीत काय पाल शिरली काय गं?"

रिसोर्स मॉनिटर पुन्हा उघडला. या वेळी डिस्कवर गर्दी नव्हतीच, एकच फाइल. पण रिस्पॉन्स टाइम 3,800. सुदृढ हार्ड डिस्कला दहा-वीस मिलिसेकंद लागतात, हिला जवळजवळ चार सेकंद. आदल्या शनिवारीही हे आकडे दोन-अडीच हजारांत होते. मी ते पाहिले होते आणि 'गर्दी आहे म्हणून असेल' म्हणून पुढं गेले होते.

'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, डिस्कची प्रकृती दाखवतो. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे संपलं. आमचं पिवळं. 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट'समोर शून्यांची रांग आणि शेवटी 28. म्हणजे 28 जागा वाचायला त्रास होतोय असं मी समजले. चिरंजीव म्हणाले, "आई, ते हेक्समध्ये आहे, दहाऐवजी सोळाच्या पटीत. चाळीस." हिशेब लिहिणाऱ्या बाईला आकडा चुकीचा वाचल्याची लाज वाटली. तो प्रोग्रॅम आकडे मुळात तसेच दाखवतो, सेटिंगमधून दशमानात करून घेता येतात.

म्हणजे डिस्क आधीपासूनच झिजत होती. वर्षानुवर्षं न उघडलेले फोटो एका कोपऱ्यात पडून होते, तिकडं सुई फिरकतच नव्हती, म्हणून कळलं नाही. त्या टीव्हीच्या यादीसाठी डिस्क पहिल्यांदाच या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली गेली आणि दुखरी जागा सापडली. दुकानातल्या मुलानं फॉरमॅट मारला असता तर याच डिस्कवर नवं विंडोज घालून तो निघून गेला असता.

माझी पहिली इच्छा होती 'चेक डिस्क' चालवायची. डिस्क तपासून दुरुस्त करायचा तो विंडोजमधलाच जुना उपाय. अण्णांनी आडवलं, तेही त्यांच्या पद्धतीनं. ते उभा जन्म एका अडत दुकानात दिवाणजी होते. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद ठेवायचे त्या काळातले. म्हणाले, "पेव उघडल्याबरोबर माणूस आत सोडत नाहीत. आधी वारं लागू द्यायचं, कंदील सोडून बघायचा. विझला तर थांबायचं. आधी माल काय वाचतोय ते बघ, डागडुजी मागनं."

कॉम्प्युटरच्या बाबतीतही हेच खरं असल्याचं नंतर वाचलं. आजारी डिस्कवर चेक डिस्कची सखोल तपासणी लावली तर ती प्रत्येक सेक्टर पुन्हा पुन्हा खरवडते आणि त्यातच डिस्क जाऊ शकते. आधी नक्कल, मग बाकी सगळं.

रविवारी कॉलेज कॉर्नरजवळून 1 टीबीची नवी हार्ड डिस्क (3,600 रुपये) आणि 500 जीबीची एसएसडी, म्हणजे तबकडी-सुई नसलेली वेगवान डिस्क, (2,800 रुपये) आणली. बिलावर दोन्हींचे सीरियल नंबर लिहून घेतले. दुकानदार आधी नुसतं 'एसएसडी 1 नग' लिहीत होता. वॉरंटीच्या वेळी त्या एका नगाचा काही उपयोग नसतो.

घ्यायच्या आधी घरात वाद झाला. विंडोज 10 चे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार होते आणि आमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा, विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. मग या म्हाताऱ्यावर खर्च कशाला, असं अहोंचं म्हणणं. माझं म्हणणं, दोन्ही डिस्क उद्या नव्या कॉम्प्युटरला लावता येतील, आणि मार्चअखेर तोंडावर असताना मला नवीन यंत्राशी ओळख करून घ्यायची नाही. मार्चअखेर म्हटल्यावर ते गप्प बसले.

नक्कल करायची तर माउसनं ओढून टाकू नका. एक फाइल अडली की सगळी कॉपी तिथंच तोंड वासून उभी राहते. विंडोजमध्येच 'रोबोकॉपी' म्हणून काळ्या खिडकीतून चालणारी आज्ञा आहे. तिला 'आर' आणि 'डब्ल्यू' या खुणांपुढं 1 आणि 1 लिहून सांगायचं, की अडलेली फाइल एकदाच पुन्हा बघ, एक सेकंद थांब, नाही जमलं तर पुढं चल. हे सांगितलं नाही तर तिचा मूळ स्वभाव असा, की एका फाइलसाठी दर 30 सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करते. चिरंजीवांनी गणित केलं. एका फोटोला जवळजवळ साडेअकरा महिने.

आधी हिशेबाचे फोल्डर, मग पुराचे टिफ, मग उरलेलं, असा क्रम लावला. रात्री नऊला सुरू केलं. पेटीच्या बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावला, 'स्लीप' बंद केलं, पलीकडं यूपीएसचा हिरवा दिवा बघून घेतला. हिशेब पंचवीस मिनिटांत गेले. टिफना दीड तास लागला, आणि त्या दीड तासात मी हॉलमधून हलले नाही. काळ्या खिडकीत नावं वर सरकत होती. मध्येच एखादं नाव थबकलं की आतून टक् असा आवाज, आणि ते नाव पुढं गेलं की मी पदरानं तोंड पुसायची. 1,900 पैकी 1,900 आले. मग मी झोपले.

पहाटे उठून बघते तर खिडकीच्या तळाशी हिशेब मांडलेला: किती फाइली, किती गेल्या, किती 'फेल्ड'. फेल्ड 11. सगळे 2017 च्या गणपतीतले, एकाच फोल्डरमधले. त्यांची पुढं दोनदा खटपट केली, नाही आले.

19 तारखेला शिवजयंतीची सुट्टी. बाहेर मिरवणुकीचे ढोल आणि आत आम्ही तिघं पेटी उघडून बसलो. एसएसडी बसवायला दोन केबल आणि चार स्क्रू लागतात, केबल 60 रुपयांची. जुन्या डिस्कवरून विंडोज तसंच्या तसं उचलण्याचा विचार सोडून दिला, आजाऱ्याचं रक्त कशाला घ्यायचं. पेनड्राइव्हवरून नवं विंडोज घातलं. लायसन्सची चिंता होती, पण ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं. इंटरनेट जोडल्यावर आपोआप चालू झालं.

त्याआधी एक दिवस मी वहीत यादी केली होती. ती इथं देते, कारण जुनी डिस्क काढल्यावर आठवण्याचा काही उपयोग नसतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या विंडोजमधूनच सोडवून घ्यायचं, नाहीतर नव्यावर ते 'आधीच वापरात आहे' म्हणतं. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर. प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर. ब्राउझरमधले पासवर्ड. मराठी टायपिंगचा कीबोर्ड. पडद्यावर (विंडोज त्यालाही 'डेस्कटॉप' म्हणतं) पडलेल्या फाइली, कारण त्या सी ड्राइव्हमध्ये असतात आणि सगळे डी चीच काळजी करतात. मी शेवटची गोष्ट यादीत लिहूनही विसरले होते. जुनी डिस्क अजून चालत होती म्हणून वाचले.

संध्याकाळी कॉम्प्युटर चालू केला. चहा ठेवायला उठले आणि ओट्यापर्यंत पोचायच्या आत मागून विंडोजचा आवाज आला.

शेअरिंग पुन्हा केलं ते 22 आणि 23 तारखेला, या वेळी माझ्या हातानं. अख्खा ड्राइव्ह नाही, फक्त 'पट्ट्या' नावाचा एक फोल्डर. पासवर्डची अट चालू. त्यासाठी डेस्कटॉपवर वेगळं खातं काढलं आणि त्यालाच हक्क दिले. दोन-अडीच आठवडे माझ्या गिऱ्हाइकांची पॅन कार्डं आणि बँकेची स्टेटमेंटं घरातल्या वायफायवर येईल त्याला उघडी होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. वायफायचा पासवर्ड शेजारच्यांकडं, अण्णांच्या मित्रांकडं, झालंच तर गेल्या गणपतीत आलेल्या सगळ्या पोराटोरांकडं आहे. तोही बदलला.

वेग मोजला. 1 जीबीची फाइल वायफायवरून सेकंदाला 3 एमबीनं येत होती. मध्ये दोन भिंती आणि स्वयंपाकघर. 350 रुपयांची पंधरा मीटर केबल आणून भिंतीच्या कडेनं लॅपटॉपपर्यंत नेली, तर 11 झाली. आमच्या राउटरची भोकं 100 एमबीपीएसची, आठानं भागलं की बारा-साडेबाराच्या वर जाणारच नाही. पट्ट्यांना तेवढं रग्गड.

खर्च असा: दुकानातला मुलगा 500, हार्ड डिस्क 3,600, एसएसडी 2,800, आतली केबल 60, लांब केबल 350, एक पेनड्राइव्ह 450. एकूण 7,760 रुपये. जुनी डिस्क भंगारात दिलेली नाही, तिच्यावर अजून लोकांचे कागद आहेत. रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलीय.

तो 450 चा पेनड्राइव्ह अण्णांसाठी. 64 जीबीचा. पुराच्या टिफ फोटोंच्या लहान जेपीजी प्रती करून त्यात भरल्या आणि तो टीव्हीच्या मागं खोचून दिला. ना नेटवर्क, ना स्ट्रीमिंग. परवा दुपारी ते आणि सासूबाई सत्यनारायणाच्या फोटोवर थांबून, मागं दारात अर्धवट दिसणारी बाई कोण यावर वाद घालत होते. अण्णा म्हणतात हरिपूरची मावशी, सासूबाई म्हणतात मावशी तेव्हा आलीच नव्हती. मला आत हाक आली, "अगं, तो फोटो मोठा करता येतो का बघ जरा." मी पट्ट्या तशाच ठेवून गेले.